घरजावयाची आई

नवापूर,
ता. ७ ऑक्टोबर १९३६

नारसिंग यांस,

रेवाबाईचा सलाम. वर 'व्याही' लिहिले नाही, ते विसरून नव्हे. व्याही लग्नाने होतात, आणि लग्न झालेले मी पाहिलेले नाही.

तुम्हाला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. जंगलनाक्यावरच्या कारकुनाला बोलवा आणि अंगणात उभे राहून वाचायला सांगा. शेजाऱ्यांनाही बोलवा. माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही.

काल सकाळी माझ्या मुलाचे पोट फाडले. दवाखान्यात त्याला ऑपरेशन म्हणतात. मी दाराबाहेर होते, माझ्यापुरते ते फाडणेच होते. उजव्या बरगड्यांखाली यकृतात गळू झाले होते. बकरे कापल्यावर तुम्ही ज्याला कलेजी म्हणता, त्यात. तुळशीबाई नावाच्या नर्स आहेत, त्या भांडे झाकून बाहेर आल्या. मी म्हटले, दाखवा. त्या म्हणाल्या, बाई, नका बघू. मी झाकण काढले. पू पिवळा असतो असे मला वाटत होते. हा विटेच्या रंगाचा होता आणि भांडे काठोकाठ भरले होते. एवढे पोटात घेऊन माझा गुलाबसिंग तुमच्या घरी किती दिवस चालत-बोलत होता, ते तुम्ही मला सांगायचे आहे.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली. कातडी स्वच्छ करताना त्यांना कुशीवर जळाल्याच्या खुणा दिसल्या. एकाखाली एक, पाच. ते म्हणाले, हे कोणी केले? मी म्हटले, ज्यांच्या घरी तो राबतो त्यांनी. तुमच्या भगताने विळा तापवून डाम दिले आणि आजार बाहेर पडेल म्हणून तुम्ही बघत बसलात. डॉक्टरांना त्या जळक्या कातडीतूनच चाकू घालावा लागला.

तुम्ही स्वतः आला नाहीत. घोंगडीची झोळी करून तुमच्या पुतण्याने, खात्याने, आणि आणखी तिघांनी त्याला खांद्यावर आणले. दवाखान्याच्या ओसरीवर ठेवले, घाम पुसला आणि पाणी कुठे मिळेल ते विचारले. तो जगेल का, हे एकानेही विचारले नाही.

तीन वर्षांनी मी त्याला पाहिले. तोंडावरून ओळखला नाही. तीन वर्षे तो मला भेटला नाही, त्याचे कारण त्याला माहीत आहे आणि मला. तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता सांगायचे ते सांगते. तो तुमच्याकडे परत येणार नाही. तुमच्या रीतीने ज्याला मुलीचे देज, म्हणजे तिच्या बापाला द्यायचे मोल, देता येत नसेल त्याने पाच पावसाळे सासऱ्याच्या शेतात राबायचे आणि मग बायको घेऊन जायचे. त्याचे तीन झाले. उरलेले दोन तुम्ही दुसऱ्या कोणाकडून घ्या. बैल विकत मिळतात.

रेवाबाई


नवापूर,
ता. १६ ऑक्टोबर १९३६

नारसिंग यांस,

माझ्या पत्राचे उत्तर म्हणून तुम्ही कोंबडा पाठवलात. पोचला.

मी तो परत करणार होते. पण गुलाबसिंगाला रस्सा द्या असे डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितले होते, म्हणून ठेवून घेतला. उपकार मानत नाही. माझ्या मुलाने तुमच्याकडे पिकवले त्यातलेच दाणे त्या कोंबड्याने खाल्ले असतील.

खात्या कोंबडा काखेत मारून थेट खाटेपाशी आला. गुलाबसिंगाच्या कुशीत रबराची नळी आहे. ती खाली बाटलीत सोडली आहे, उरलेला पू त्यातून येतो. खात्या वाकून बाटलीकडे बघत राहिला आणि म्हणाला,

"मावशी, हाई ताडी शे का?"

गुलाबसिंग हसला. हसताना दोन्ही हातांनी कूस धरून तो कळवळला, तरी हसत होता. इथे आल्यापासून पहिल्यांदा. मला खात्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि त्याने आणखी एखादे काही बोलावे असेही वाटले. तो बोलला, पण भलतेच.

"काका सांगस, भात पडी ऱ्हायनं. पोऱ्याले कव्हय धाडशी?"

मी त्याला ओढत बाहेर नेले. म्हटले, तुला दिसत नाही का? तो म्हणाला, दिसतंय ना, मावशी, म्हणूनच विचारतो, आणखी चार दिवसांनी उठेल की नाही? मी म्हटले, चार महिन्यांनीही तुमच्या शेतासाठी उठणार नाही. त्याने कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाला, तुझं सगळं बोलणं भांडणाचंच असतं का, मावशी, का आमच्यासाठीच ठेवलंय?

त्याला सांगितले ते तुम्हालाही सांगते. दररोज त्याला दंडात सुई देतात. गळू पुन्हा भरू नये म्हणून ते औषध आहे. पण त्या औषधाने हृदय दुबळे होते. डॉक्टर म्हणाले, सपाट पडून राहायचे, उशीसुद्धा पातळ. उठून बसला तर घेरी येईल. चालला, ओझे उचलले, तर हृदय बंद पडेल. जखम भरल्यावरही वर्षभर नांगर नाही, कोयता नाही. हे मी माझ्या मनचे लिहीत नाही. डॉक्टरांना दोनदा विचारले.

आणि तुमचे भात पिकून पडते आहे.

त्या बाईविषयीही लिहिते. तुमची मुलगी. तिचे नाव मी आजवर माझ्या तोंडाने घेतले नाही. गुलाबसिंगाला ताप चढला की तो घेतो. माझ्या मुलाने तिच्यासाठी आपले घर सोडले, उपासना सोडली, मला सोडले, आणि तुमच्या बैलांच्या जोडीला जाऊन उभा राहिला. ती कुठे आहे? चार पुरुष झोळी घेऊन आले, तीत तिचा हात नव्हता. कोंबडा आला, ती आली नाही. माणूस कामाचा होता तोवर तिचा होता. आता बाटलीत गळतो आहे तो माझा. हा शब्दही कारकुनाला मोठ्याने वाचायला सांगा.

रेवाबाई


नवापूर,
ता. २५ ऑक्टोबर १९३६

नारसिंग यांस,

तुमच्या खात्याने इथे येऊन काय केले ते ऐका.

भात पडते आहे, हे त्याने खाटेपाशी सांगितले. ते गुलाबसिंगाच्या डोक्यात राहिले. मला बोलला नाही. गुरुवारी मी विहिरीवर त्याचे कपडे धूत होते. परत आले तर खाट रिकामी. नळी त्याने दोऱ्याने बांधून कमरेला खोचली होती आणि भिंत धरत धरत फाटकापर्यंत गेला होता. फाटकाच्या खांबाला मिठी मारून उभा होता. मी हाक मारली तेव्हा त्याने मान वळवली आणि तसाच खांबावरून घसरत खाली बसला. ओठ निळे. सदऱ्याला रक्त. तुळशीबाईंनी मनगट धरले आणि माझ्याकडे बघितले. नाडी लागत नव्हती.

ती लागली. म्हणून हे पत्र आहे. नाहीतर मी पत्र लिहिले नसते, स्वतः आले असते.

डॉक्टर मोठ्याने बोलत नाहीत. ते म्हणाले, बाई, एवढ्या वेळेला वाचला. पुन्हा असा उठला तर मला बोलावू नका, कारण माझ्या हातात काही राहणार नाही.

तो शुद्धीवर आल्यावर मी विचारले, कुठे निघाला होतास? म्हणाला, भाताला. मी म्हटले, मेला असतास. तो म्हणाला, आई, दोन पावसाळे राहिलेत. आता सोडलं तर तीनही गेले. ती बापाच्या घरी राहील आणि तिचं दुसरीकडे बघतील.

मग त्याने मला सांगितले. पोटात दुखायला लागले तेव्हा भातलावणी चालू होती. ताप संध्याकाळी येई. तो रात्री घोंगडीखाली कुडकुडे आणि सकाळी औताला जाई. तुम्हाला त्याने सांगितले नाही. तिलाही नाही. घरजावई आजारी म्हणून बसला की लोक त्याला कामचुकार म्हणतात, आणि कामचुकार जावयाला सासरा हाकलून देऊ शकतो, केलेले काम बुडते. तुमच्या पलीकडच्या पाड्यावर एकाचे तसे झाले म्हणे. म्हणून तो पोट आवळून धरी आणि गाणे म्हणे. नांगरताना गाणे म्हणे, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. पडला तेव्हाच तुम्हाला कळले.

"मीच सांगितलं नाही गं, आई. त्यांना बोलू नकोस."

हे ऐकून माझा राग कमी होईल असे त्याला वाटले असावे. झाला नाही. उलट आता तो कुठे ठेवावा ते कळत नाही. मुलाला मारावे तर कुशीत नळी.

म्हणून तुम्हालाच विचारते. बैल लंगडला तर तुम्ही त्याला जुंपता का? त्याचे अंग गरम लागले तर हात लावून बघत नाही? गोठ्यात जाऊन त्याच्या पुढची वैरण तशीच आहे का ते बघत नाही? माझा मुलगा तुमच्याबरोबर जेवायला बसे. त्याच्या ताटातली भाकर तशीच राहिलेली तुम्हाला दिसली नाही? बैलाला सांगता येत नाही म्हणून त्याच्याकडे बघतात. ज्याला सांगायची मनाई आहे त्याच्याकडे कोण बघणार?

आता माझे मागणे. त्याला मोकळा केला असा निरोप द्या. मुलगी इकडे पाठवा. देज नाही, राहिलेले काम नाही. मिशनचे पाळकसाहेब देवळात लग्न लावतील. तिला नेसायला मी देईन. यात तुमचे काही जात नाही. तेवढा निरोप आला की तो खाटेवर पडून राहील. नाही आला तर तो पुन्हा उठेल. मी त्याला चोवीस तास धरून ठेवू शकत नाही. त्याचा जीव कशाला बांधलेला आहे ते तुम्हाला आता कळले आहे. दोरी तुमच्या हातात आहे.

रेवाबाई


नवापूर,
ता. ३ नोव्हेंबर १९३६

नारसिंग यांस,

तुम्ही परवा आलात, बोललात आणि गेलात. तुमच्यासमोर मला उत्तरे सुचली नाहीत. शाळेत मुलांना मी सांगते, विचार करून बोला. विचार केला तोवर तुमची गाडी सुटली.

तुम्ही घरी जाऊन अर्धेच सांगितले असेल, म्हणून सगळे लिहिते. कारण आता मला कळले आहे की ऐकणारे कोण आणि वाचणारे कोण.

तुम्ही आत येईनात. फाटकाबाहेरच्या चिंचेखाली उकिडवे बसलात आणि "याहीन, मी उनू," म्हणालात, म्हणजे मला विहीण केलेत. मी म्हटले, आलात ते दिसते. तुमची भाषा कोकणी, या डोंगरातल्या कोकणा लोकांची. माझीही तीच, पण सहाव्या वर्षी सुटली. म्हणून आपण दोघे बाजारातली अहिराणी बोलत होतो, म्हशीचा सौदा केल्यासारखी.

मी पहिल्यांदा डामाचे बोलले. तुम्ही सदरा वर केलात.

"देख. मन्हा आंगवरबी शेतस."

बेंबीपासून बगलेपर्यंत. मोजता येऊ नयेत इतके. मला म्हणालात, मला माझ्या बापाने दिले, माझ्या मुलाला मी दिले, तो गेला. जावयाला परका म्हणून दिले नाहीत. मी तुम्हाला सदरा खाली करा म्हटले, कारण दवाखान्याची माणसे बघत होती. तुमचा मुलगा गेल्याचे मला माहीत नव्हते. गुलाबसिंगाने कधी कळवले नाही. कळवले असते तरी पाच डाम चांगले झाले नसते.

मग तुम्ही मोठा उदारपणा दाखवलात.

"तो पडेल शे, त्या दिवसबी मी काममां धरसू."

माझा मुलगा मरता मरता वाचला, ते दिवस तुम्ही हजेरीत धरणार! तुमचा चेहरा असा होता की मी आता तुमच्या पाया पडावे. मी म्हटले, मग राहिलेले दोन पावसाळेही धरा आणि सोडा त्याला. तुम्ही मान हलवलीत.

"फुकट दिधी त मन्ही पोरले लोक काय म्हणतीन? देज नही, काम नही, मंग ती पोर शे का जंगलमां पडेल लाकूड? कोनीबी उचली लई जावो?"

आणि म्हणालात, त्याला भाऊ असता तर भाऊ आला असता. भावाने काम पुरे केले तर आमच्यात कोणी नाव ठेवत नाही. तुला एकच, त्याला मी काय करू? मी हट्टाने अडून बसलो नाही. पण माझी बायको, तिचे भाऊ, गाव, सगळे बघतात.

मग तुम्ही ते बोललात. म्हणालात, याहीन, तुझ्या गोठ्यात दोन बैल होते. पोरगा तुझ्याकडे मागायला आला होता. दिले असतेस तर तेव्हाच बायको घेऊन तुझ्या घरी गेला असता. आज तुझ्या घरी निजला असता.

होय. तो मागायला आला होता. मी नाही म्हटले. आज आला तरी नाही म्हणेन. पाळकसाहेबांची मनाई आहे म्हणून नव्हे. ते नसते तरी म्हटले असते.

कारण तुम्हाला तिथेच सांगितले. संवत छप्पन्नच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात माझ्या बापाने मला वाटेवरच्या माणसांना दिले. बदल्यात नागलीची टोपली घेतली. ती माणसे कुठली, मला कुठे नेत होती, मला माहीत नाही. ठेसनावर मिशनच्या बाईने मला त्यांच्याकडून सोडवले. मला फक्त टोपली आठवते. बापाने ती डोक्यावर घेतली आणि मागे वळून बघितले नाही. टोपली जड असेल. डोक्यावर जड असले की मान वळत नाही. तेव्हापासून माणसाच्या बदल्यात काही द्यायचे नाही आणि घ्यायचे नाही, एवढा एकच नियम मी माझ्या हाताने केला आहे. बाकीचे सगळे मला दुसऱ्यांनी शिकवले.

तुम्ही बराच वेळ काडीने मातीत रेघा मारत राहिलात. मग म्हणालात,

"तुन्हा बापनी भूकसाठे दिधी. मी भूकसाठे मागत नही."

दोन दिवस झाले, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. म्हणून माझा राग वाढला आहे. तुम्ही बरोबर आहात असे मला वाटत नाही. तुम्ही चूक आहात हे मला सांगता येत नाही.

निघताना मी विचारले, माझी पत्रे नाक्यावरचा कारकून नीट वाचतो ना? का गाळतो? तुम्ही हसलात.

"कारकून कशाले? मन्ही पोर वाचस."

गुलाबसिंगाने तिला शिकवले म्हणे. पहिल्या पावसाळ्यात अक्षरे, दुसऱ्यात जोडाक्षरे. राखेवर काडीने. मी त्याला शिकवले त्याच रीतीने. तो मला हे बोलला नाही.

मी विचारले, तिच्याविषयी लिहिले होते ते? तेही तिनेच?

"वाचं ना. आंगनमां. तू सांगं व्हतं ना, मोठ्यानी वाचा. रडनी नही. दोन डाव वाचं. मन्ही बायको बोलनी, बस कर. ती बोलनी, मन्ही सासूनी लिखेल शे, पुरं वाचसू."

मग तुम्ही सांगितलेत की झोळी बांधली ती तिनेच. भगत म्हणत होता आणखी एक डाम. तिने विळा विहिरीत टाकला. झोळीमागे ती नदीपर्यंत आली आणि तिथून परत फिरली, कारण माझ्या दारात पाय ठेवू नये असे मी तीन वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते.

हे खरे आहे. सांगितले होते.

तुम्ही आत जाऊन त्याला बघितले नाहीत. खिडकीतून बघितलेत. तो झोपला होता. तुम्ही खिडकीच्या गजांना हात लावलात आणि निघालात. मोकळा केल्याचा निरोप मी मागितला होता, तो तुम्ही दिला नाहीत. तो जागा झाल्यावर त्याने पहिले विचारले ते हेच. मी काय सांगणार? भिंतीकडे तोंड करून पडला आहे. मला माहीत आहे तो कसला विचार करतो आहे. फाटकाचा.

रेवाबाई


नवापूर,
ता. ११ नोव्हेंबर १९३६

रमिला हीस,

हे पत्र तुझ्या बापाला नाही, तुला आहे. तरी अंगणातच वाच. मोठ्याने वाच.

तुझ्याविषयी लिहिले ते मागे घ्यावे असे पाळकसाहेब म्हणतात. मी त्यांना म्हटले, ती ते दोनदा वाचून बसली आहे. कागदावरचे मागे घेतले म्हणून तिच्या तोंडून गेलेले परत येणार आहे का? ते राहू दे. तुला राग आला असेल तर तोही राहू दे. माझ्याजवळ पुष्कळ आहे, तुझ्याजवळही थोडा असावा.

गुलाबसिंग बरा आहे. नळी काढली. भोक मिटत आले आहे, करंगळीचे टोक जाईल एवढे राहिले. सुया संपल्या. ताप नाही. दूधभात खातो. पण हृदयाला अजून वेळ लागणार, डॉक्टरांनी पुन्हा बजावले आहे. खात्या सोमवारी आला होता. मी त्याला खाटेपाशी जाऊ दिले नाही, फाटकातच धरला. तो म्हणाला, निम्मे भात उभे आहे, निम्मे पडले. काकाचा गुडघा सुजला, आणि तू एकटी कापते आहेस. मी म्हटले, हे त्याला सांगितलेस तर तुझी तंगडी मोडीन. तो म्हणाला, मावशी, मी काही सांगत नाही, पण त्याला काय दिवस कळत नाहीत? पाऊस थांबला, आभाळ निळं झालं, ते खिडकीतून दिसतंच की.

खरेच. रात्री झोपेत त्याच्या मुठी वळतात. विळ्याची मूठ.

मंगळवारी सकाळी मी बघितले, तो पाय खाली सोडून बसला होता. मला बघून पुन्हा आडवा झाला. मग तुळशीबाईंनी एक युक्ती केली. त्याचे धोतर आणि सदरा कपाटात ठेवून कुलूप लावले. नेसायला नुसती दवाखान्याची चादर. म्हणाल्या, जा आता, चादर गुंडाळून जा भात कापायला. तो लाजला. पण लाज किती दिवस पुरणार?

म्हणून मी ठरवले ते सांगते.

शाळेला दिवाळीची सुटी लागली आहे. तुझा बाप म्हणाला, भाऊ असता तर भावाचे काम चालले असते. भाऊ नाही. मी आहे. आईचे काम चालते का, हे तुमच्यात कधी कोणी विचारले नसेल. त्याने पंच बोलवावेत, भगत बोलवावा, तुझ्या मामांना बोलवावे. हो म्हणाले तर बरे. नाही म्हणाले तरी मी कापणारच आहे. मग ते धरायचे की नाही, त्यांनी बघावे.

हे देज नाही. हे सगळ्यांनी नीट ऐका. मी तुझे मोल देत नाही. तुझे मोल कोणाला देता येईल असे मला वाटत नाही, आणि हे गोड बोलणे नव्हे. माझा मुलगा खाटेवरून उठू नये म्हणून मी भात कापते. तुमच्या गावाने त्याला दुसरे नाव दिले तर ते गावाचे. मी त्यावरून भांडणार नाही. तुला फुकट आलेली कोणी म्हणू नये एवढे जर त्यातून होत असेल तर होऊ दे. पुढच्या पावसाळ्याचे पुढच्या पावसाळ्यात बघू. तेव्हाही माझी सुटी असते.

गुलाबसिंगाला सांगितले तेव्हा त्याने माझा तळहात उलटून बघितला. मग म्हणाला,

"तुला जमणार नाही, आई. तुझे हात खडूचे."

मी म्हटले, बाराव्या वर्षापर्यंत मी मिशनच्या शेतात कापणी केली आहे. तुझ्या आजोळी मला विकले नसते तर आजही करत असते. तू आपले पडून राहा. तू उठलास असे मला कळले तर विळा तिथेच टाकून येईन आणि तुझे सगळे पावसाळे बुडतील. शपथ घे. त्याने घेतली. मग त्याने विचारले, तिला काय म्हणशील? मी म्हटले, ते मी तिथे गेल्यावर बघीन. तो हसला आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून झोपला. दुपारचे जेवण टाकून झोपला. तुळशीबाईंनी मला उठवू दिले नाही.

मला तुमच्या घरात निजायला जागा नको. ओसरीवर पडेन. भाकर मी माझी थापीन. तुझ्या बापाशी मी बोलणार नाही, आणि त्यानेही मला 'याहीन' म्हणू नये. काम संपले की बघू. तुझ्या आईने माझ्यासाठी काही रांधू नये. रांधले तर खाईन, पण रांधू नये.

हे पत्र टपालाने टाकत नाही. टपाल तुमच्या गावी पोचेपर्यंत राहिलेलेही पडेल. बरोबर घेऊन येते आहे. तू वाचते आहेस तेव्हा मी तुझ्या समोर, अंगणात उभी आहे. वाचून होईपर्यंत मला कोणी बस म्हणू नये, पाणी विचारू नये. मला तुझा आवाज ऐकायचा आहे. जोडाक्षरांना अडखळतेस का ते बघायचे आहे.

वाचून झाले की मला विळा दे, आणि कुठल्या बांधापासून धरायचे ते दाखव. उभे आहे ते दोन दिवस थांबेल. पडलेले आधी कापू.

रेवाबाई